थेरपी नको, शिकवणी द्या

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका बाईंचा फोन आला होता. मुलगा दहा वर्षांचा, ऑटिझम आहे, घरात मिक्सर लावला की तो कुठल्या सुरात घुरघुरतोय ते कॅसिओवर दाबून दाखवतो, तुमच्याकडे शिकायला पाठवू का? मी तेव्हा डोंबिवलीत सहा-सात वर्षं पियानो आणि कीबोर्ड शिकवत होते. अगदी गोड आवाजात मी सांगितलं, "अहो, माझं त्यातलं ट्रेनिंग नाही. तुम्ही म्युझिक थेरपी का नाही बघत?" त्या म्हणाल्या, "थेरप्या चार चालू आहेत मॅडम. पाचवी नकोय. त्याला पियानो शिकायचाय." मी तेच पुन्हा जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं आणि फोन ठेवला.

त्या काय म्हणाल्या होत्या ते कळायला मला पुढची पाच-सहा वर्षं लागली.

ऑटिस्टिक मुलाला वाद्यापाशी बसलेलं पाहिलं की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. एक, याचा त्याला फायदा होत असणार: लक्ष लागत असेल, शांत होत असेल, बोलायला मदत होत असेल. दुसरी, हा नक्की कोणीतरी विलक्षण असणार. म्हणजे एकतर पेशंट, नाहीतर चमत्कार. या दोन्हींच्या मध्ये माझ्या वर्गातली बाकी सगळी मुलं बसलेली असतात. त्यांना स्केल्सचा कंटाळा येतो, आठवडाभर झाकण न उघडता ती "प्रॅक्टिस केली मॅडम" म्हणतात, दोन वर्षांत एक ग्रेड कशीबशी काढतात आणि तरी शिकत राहतात. त्यांच्या आईबाबांना कोणी विचारत नाही की पियानोने तिचा हट्टीपणा किती टक्के कमी झाला. ही सामान्य विद्यार्थ्याची जागा ऑटिस्टिक मुलाला मिळत नाही. माझं भांडण त्या जागेसाठी आहे.

ही सवय जुनी आहे. १९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णनं असलेला निबंध छापला आणि ऑटिझम हे निदान वैद्यकात आलं. त्यातल्या पहिल्या मुलाबद्दल लिहिलंय की वर्षाचा असताना तो कित्येक चाली बिनचूक गुणगुणत असे. आणखी एका मुलाला दीड वर्षाचा असताना अठरा सिम्फन्या वेगवेगळ्या ओळखता येत. सुरुवात कानावर पडली की तो रचनाकाराचं नाव सांगे. आपल्या घरातलं एखादं पोर दीड वर्षाचं असताना असं करू लागलं, तर संध्याकाळपर्यंत गुरू शोधायला माणसं बाहेर पडतील. कॅनर यांच्या कागदांत ते लक्षणांच्या शेजारी नोंदलं गेलं. तेव्हाच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, ते त्यांचं काम करत होते. पण ऐंशी वर्षं झाली, आणि अजून आपण त्याच कागदावरून वाचतोय.

थेरपीविरुद्ध माझी तक्रार नाही. माझ्या ओळखीतल्या संगीतोपचार करणाऱ्या दोघी-तिघी फार चांगलं काम करतात. पण त्या कामाचं मोजमाप वेगळं असतं. २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी छापून आली: नऊ देशांतली ३६४ ऑटिस्टिक मुलं, पाच महिने उत्स्फूर्त वादनावर आधारलेली संगीतोपचार पद्धत. लक्षणांची तीव्रता काही त्याने कमी झाली नाही. पुढे २०२२च्या कॉक्रेन आढाव्यात सव्वीस अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा चित्र जरा बरं निघालं. एकूण सुधारणा आणि जगण्याचा दर्जा याबाबतीत फायदा संभवतो असं त्यात म्हटलंय. हे वाद तज्ज्ञांनी घालावेत. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. समजा उद्या पक्कं सिद्ध झालं की संगीताने ऑटिझमच्या लक्षणांत तसूभरही फरक पडत नाही, तर या मुलांनी पियानो शिकणं थांबवायचं? भूगोलाने कोणाची लक्षणं कमी होतात? आपण तो शिकवतोच ना.

यात पैशाचाही भाग आहे, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. ऑटिस्टिक व्यक्ती तिच्यात येतात, आणि थेरपीचा खर्चही तिच्यात बसतो. पियानोची फी बसत नाही, कारण ती विम्याची गोष्टच नव्हे. मग ओढाताणीत असलेले आईबाप गाण्याच्या तासालाही थेरपी म्हणायला लागतात. एकदा थेरपी म्हटलं की महिन्याच्या शेवटी विचारलं जातंच, "प्रोग्रेस काय?" आणि त्याचं उत्तर 'डावा हात आता मोकळा चालतो' हे नसतं.

दुसरं टोक चमत्काराचं. आमच्या क्लासेसच्या गॅदरिंगमध्ये हे दरवर्षी कुठे ना कुठे बघायला मिळतं. निवेदिका आवाज हळवा करते, "आता येत आहे आपला एक विशेष मित्र". पोरगं अजून स्टुलावर बसलेलंही नसतं आणि टाळ्यांचा पाऊस सुरू. त्याने कानावर हात ठेवले की लोकांना वाटतं, लाजला. दीड मिनिटांची धून संपते, चार जणी डोळे पुसतात, आणि त्याने मधल्या ओळीत ताल सोडला होता हे त्याला कोणी सांगत नाही. त्याच्याआधी वाजवलेल्या मुलीला मात्र मी विंगेतच सांगितलेलं असतं. माझ्या मते अपमान यात आहे, ताल सुटण्यात नाही.

चमत्कार म्हणून सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट इंग्लंडच्या डेरेक पॅराविचिनी यांची. जन्म १९७९, दिवस भरण्याच्या खूप आधी. अंध, आणि ऑटिस्टिक. चार-पाच वर्षांचे असताना लंडनमधल्या अंधांच्या शाळेत पियानोचा आवाज ऐकून ते धावले, वाजवणाऱ्याला ढकलून दिलं आणि बोटं, मुठी, कोपरं असं सगळं वापरून वाजवायला लागले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगितली जाते. अ‍ॅडम ऑकलफर्ड या शिक्षकांनी त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं: कुठलं बोट कुठे, अंगठा खालून कसा न्यायचा, स्केल कशी. आज मैफली करणारा हा माणूस आधी अनेक वर्षं कोणाचा तरी विद्यार्थी होता. एक शिक्षक मिळाला, त्याने पेशंट म्हणून परत पाठवलं नाही आणि चमत्कार म्हणून मोकळंही सोडलं नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.

आता पियानोच का? खरं तर आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या घरी पियानो नसतोच. एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड असतो, कंपनी कुठलीही असो, नाव कॅसिओ. पण पट्ट्यांच्या वाद्यात काही गोष्टी उपजतच या मुलांच्या बाजूच्या आहेत. पट्टी दाबली की सूर तयार मिळतो, व्हायोलिनसारखा शोधावा लागत नाही. तीच पट्टी उद्याही तोच सूर देते. बारा सुरांची नक्षी डोळ्यांना दिसते आणि ती पुन्हा पुन्हा येते. आवाज कमी करता येतो, हेडफोन लावता येतो. जगात इतकं शब्दाला जागणारं फार थोडं असतं.

तरी इथेही आपण घोळ घालतो. सूर नुसता ऐकून त्याचं नाव सांगता येणं ही देणगी दहा हजारांत एखाद्याला असते असा एक ढोबळ अंदाज नेहमी दिला जातो; ऑटिस्टिक लोकांत ती बरीच जास्त आढळते. असं मूल आपल्या पेटीच्या परंपरेत आलं की काय होतं पाहा. आपल्याकडे सा फिरता. आज काळी एक, उद्या गायिका आली तर काळी चार. बाकीच्यांना ते सहज जमतं. या मुलाच्या दृष्टीने मात्र काल ज्याला सा म्हटलं तो आज म आहे किंवा कोणीच नाही. रोज सकाळी घरातल्या माणसांची नावं बदलावीत तसं. एक मुलगा माझ्याकडे कीबोर्डचं ट्रान्स्पोझचं बटण चुकून दाबलेलं असताना वाजवायला बसला. पट्टी एक आणि सूर भलताच. तो किंचाळून उठला आणि बाहेर पळाला. मी आईला सांगितलं की आज मूड नाही वाटतं त्याचा. बटण दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. बिघाड वाद्यात होता, नोंद मुलाच्या नावावर झाली.

अशा नोंदी आम्ही शिक्षक रोज करतो. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत असतो, मला ऐकू येत नाही, त्याला येतो. लय धरून देणाऱ्या मेट्रोनोम यंत्राची टिकटिक सहन होत नाही, लुकलुकणारा दिवा चालतो. मनगट खाली गेलं की आम्ही न विचारता मुलाचा हात धरून वर करतो. आमच्या गुरूंनी आम्हालाही तसंच शिकवलं. ज्याला स्पर्श चटका लागल्यासारखा जाणवतो त्याने हात झिडकारला की तो उद्धट ठरतो. आणि आमची भाषा! "बोटं नाचव", "पट्ट्यांवर प्रेम कर", "जीव ओत त्यात". एका मुलीने मला फार गंभीरपणे विचारलं होतं, "ताई, किती ओतू?" तेव्हापासून मी 'हा सूर आधीच्यापेक्षा हळू, पुढचा त्याहून हळू' असं बोलायला शिकले. गंमत म्हणजे बाकीच्या मुलांनाही ते जास्त कळलं.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: समजून घेण्यातली अडचण दोन्हीकडून असते. ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. फक्त आपण संख्येने जास्त म्हणून दोष त्याच्याकडे जातो. मराठीतला 'स्वमग्न' हा शब्द मला यासाठीच खटकतो. कानावर हात घेतलेला मुलगा स्वतःत मग्न नसतो, तो खोलीतलं सगळं माझ्यापेक्षा जास्त ऐकत असतो.

शिकवण्यात नेमकं काय बदलावं लागतं, याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. बऱ्याच ऑटिस्टिक विद्यार्थ्यांची रचना एकसंध साठते. मधे थांबवलं की ती मोडते आणि ते पहिल्या सुरापासून सुरू करतात. मी सतराव्या मापात, म्हणजे रचनेच्या सतराव्या छोट्या तुकड्यात, चूक दाखवायची, तो पहिल्या मापाला जायचा. मी पुन्हा थांबवायची, तो पुन्हा पहिल्याला. अर्ध्या तासात आम्ही दोघेही रडकुंडीला. त्या मुलाला लोकलचं वेड होतं. एक दिवस मी कागदावर रचनेचे पाच भाग पाडले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्टेशन लिहिलं: डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर. प्रत्येक स्टेशनाची पहिली दोन मापं वेगळी पाठ करून घेतली. मग "घाटकोपरहून सुटू या" म्हटलं की तो घाटकोपरहून सुटायचा. हळू वाजवायचं म्हणजे स्लो लोकल. महिन्याभरात इतर बॅचमध्येही हीच भाषा सुरू झाली, कारण मधूनच सुरू करता न येणं हा काही फक्त त्याचाच प्रश्न नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. यांतल्या कित्येकांचं पहिलं ऐकणं दगडावर कोरल्यासारखं होतं. मी पहिल्यांदा वाजवून दाखवताना एक सूर चुकले, तर तो चुकीचा सूर पुढे सहा महिने जात नाही. म्हणजे तयारी मला करायची असते. नवीन धडा मी आता आदल्या रात्री वाजवून बघते. विद्यार्थ्यामुळे मास्तरांचा रियाज वाढला, हा समावेशकतेचा फायदा कुठल्याही अहवालात येणार नाही.

आता सार्वजनिक बाजू, कारण एकेका शिक्षिकेच्या चांगुलपणावर हे सोडून चालणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६च्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. शाळा आणि नोकरीबद्दलची कलमं लोकांना माहीत असतात. कलम २९ फारसं कोणी उघडत नाही. ते सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे, आणि त्यात सरकार व स्थानिक संस्थांनी काय करावं याच्या यादीत स्पष्ट लिहिलंय: कला आणि संस्कृतीच्या विषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना भाग घेता येईल अशा रीतीने नव्याने आखणे. अभ्यासक्रम नव्याने आखणे. कार्यक्रम करणे नव्हे, शाल-श्रीफळ देणे नव्हे. महापालिका नाट्यगृहाचं भाडं माफ करते ते चांगलंच आहे, पण ते कलम २९ नव्हे.

परीक्षांकडे पाहा. आपल्याकडे पियानोच्या ग्रेड बहुतेक दोन ब्रिटिश मंडळांच्या असतात. त्यांपैकी एबीआरएसएमच्या नेहमीच्या परीक्षेत १५० गुण. त्यांतले २१ समोर ठेवलेलं अनोळखी नोटेशन तिथल्या तिथे वाजवण्याला आणि १८ कानाच्या चाचणीला. कानाच्या चाचणीत अनोळखी परीक्षकासमोर सूर ऐकून गाऊन दाखवायचा, प्रश्नांना तोंडी उत्तरं द्यायची. ज्याचा कान परीक्षकापेक्षा तीक्ष्ण असू शकतो, पण जो बोलत नाही, तो नेमका इथे गुण घालवतो. २०२०मध्ये, कोविडच्या वर्षात, याच मंडळाने दुसरा मार्ग उघडला: चार रचना, सलग एकाच चित्रीकरणात, घरच्या वाद्यावर, त्या दोन चाचण्या वगळून. दुसऱ्या मंडळाने, ट्रिनिटीने, तर पाचव्या ग्रेडपर्यंत चार पूरक चाचण्यांतल्या कुठल्याही दोन निवडायची मोकळीक ठेवली आहे. दोन्हीकडे विशेष गरजांसाठी अर्ज करता येतो. पण हे सांगायचं कोणी? अर्ज नावनोंदणी करतानाच करायचा असतो, आणि नावनोंदणी आम्ही शिक्षक करतो. पालकांना कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते.

आपल्या मातीतल्या संगीत परीक्षांतही हाताने टाळी-खाली दाखवत तोंडाने ठेका म्हणावा लागतो. हात आणि जीभ एका वेळी चालवणं ज्याला जमत नाही त्याला ताल कळत नाही असं आपण धरतो. त्याने तोच ठेका पट्टीवर वाजवून दाखवला तर काय बिघडेल? आणि या परीक्षांचं मूळ आठवतं का? विष्णु दिगंबर पलुसकर लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी बरीचशी गमावून बसले, शाळेचं शिक्षण अवघड झालं, म्हणून गाणं शिकायला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गेले. १९०१मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्यांच्या बंद दारांबाहेर, वर्ग, इयत्ता आणि पुस्तकं घेऊन गाणं आणणारा माणूस आजच्या भाषेत दिव्यांग होता. त्यांच्या संस्थेच्या नावाने चालणाऱ्या परीक्षापद्धतीला जरा वाकायला सांगणं म्हणजे परंपरेवर हल्ला नव्हे.

दर्जा घसरेल, हा आक्षेप हमखास येतो. अट बदलणं आणि दर्जा उतरवणं यात मी फरक करते. सूर चुकला तर गुण जावेत, सगळ्यांचेच. पण खोली अनोळखी, पंखा करकरतोय, परीक्षकाने दोन प्रश्न एकदम विचारले, म्हणून गुण गेले तर ती परीक्षा संगीताची राहिली नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्याचंही तेच. "चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे का?" असं आमच्यात सहज विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये विकास कुमार प्रकरणात लेखनिक देताना सांगितलंय की ती टक्क्यांची अट प्रत्येक सोयीला लावता येत नाही. आणि आमच्या वर्गात दाखला नसलेली कितीतरी मुलं आत्ताही आहेत. दीड तास अगदी शहाण्यासारखी वागून घरी गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडणारी मुलगी हमखास माझ्या 'गुणी' विद्यार्थिनींच्या यादीत असते.

एक आक्षेप मात्र मला उडवून लावता येत नाही. पैसा आणि वेळ. आठ मुलांच्या बॅचमधून जे सुटतं त्यावर माझं भाडं भागतं. एकट्याचा तास घ्यायचा तर फी दुप्पट तरी लागते, आणि थेरप्यांनी आधीच पिचलेल्या घराला ती सांगताना माझी जीभ अडखळते. मी दोनच विद्यार्थ्यांचे असे तास घेते, जास्त परवडत नाहीत. महापालिकेच्या रिकाम्या शाळाखोल्या संध्याकाळी मिळाल्या, कलम २९चा आधार घेऊन शिक्षकाचं मानधन मिळालं, तर गणित बदलेल. तोवर जो शिक्षक 'नाही' म्हणतो त्याला सरसकट निर्दय म्हणायला मी तयार नाही. फक्त 'जागा नाही' असेल तर 'जागा नाही' म्हणावं. 'थेरपी बघा' म्हणू नये.

आणि सोडून जायचा हक्कही विद्यार्थ्यालाच. माझ्या स्टेशनवाल्या मुलाने दोन वर्षांनी सांगितलं की त्याला आता तबला हवाय. आईचा चेहरा उतरला, इतकं चांगलं चाललं होतं. खाऊचं आमिष दाखवून त्याला बसवता आलं असतं, काही ठिकाणी बसवतातही. मी त्याला तबल्याच्या सरांचा नंबर दिला आणि जाण्याआधी त्यांना फोन करून ट्यूबलाइटचं सांगितलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या त्या बाईंचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला. मुलाचं नाव मी विचारलंच नव्हतं. तो आता बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मोठ्यांची बॅच माझ्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसहाला असते, आणि त्या वेळी खोलीतली ट्यूबलाइट बंद असते.